नंबर बरोबर आहे, मग चष्मा का त्रास देतो?

आमचं चष्म्याचं दुकान ठाण्यात, नौपाड्यात, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत. ‘नंबर तोच आहे हो, पण या चष्म्यानं कपाळ दुखतं’ असं म्हणत लोक येतात. तपासलं तर बहुतेकांचा नंबर खरंच बरोबर निघतो. चुकलेलं असतं माप. म्हणून काउंटरवर नवीन आलेल्या पोराला मी लेन्सोमीटरला, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्राला, लगेच हात लावू देत नाही. आधी नुसती काच हातात घ्यायची.

काच डोळ्यापासून वीतभर लांब धरा. समोरच्या दुकानाच्या दाराची उभी कड तिच्यातून बघा आणि काच सावकाश डावी-उजवीकडे हलवा. कड उलट दिशेला पळाली तर प्लस, काचेबरोबर सरकली तर मायनस. मग काच जागच्या जागी गोल फिरवा. आतली कड तिरकी होऊन बाहेरच्या कडेपासून तुटलेली दिसली, म्हणजे सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा नंबर, आहे. वीज गेली तरी एवढं तरी कळलंच पाहिजे.

आता कागद. एका डॉक्टरांनी लिहिलेलं असतं मायनस १.००, सिलिंडर प्लस २.००, ॲक्सिस ९०. दुसऱ्यांचा कागद म्हणतो प्लस १.००, सिलिंडर मायनस २.००, ॲक्सिस १८०. ॲक्सिस म्हणजे सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचा तो आकडा. गिऱ्हाईक घाबरतं, मायनसचा प्लस कसा झाला? झालेलं काहीच नाही, काच एकच आहे. आधीच्या दोन आकड्यांची चिन्हासकट बेरीज करायची, तो नवा पहिला आकडा. सिलिंडरचा आकडा तोच ठेवून चिन्ह उलटं करायचं. ॲक्सिस ९० किंवा त्याहून कमी असेल तर ९० मिळवायचे, जास्त असेल तर ९० वजा करायचे. हे तोंडी जमलं पाहिजे, कारण गिऱ्हाईक समोर उभं असताना कॅल्क्युलेटर काढला की त्याचा विश्वास उडतो.

मग पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. इथे घाई नको. गिऱ्हाइकाच्या समोर, डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर, साधारण ४० सेंटीमीटरवर बसा. पट्टी त्याच्या नाकावर टेकवा, आणि हात त्याच्या कपाळाला टेकू द्या, म्हणजे पट्टी थरथरत नाही. आपला उजवा डोळा मिटा, ‘माझ्या उघड्या डोळ्यात बघा’ म्हणा, आणि त्याच्या उजव्या डोळ्यावर शून्य लावा. पट्टी न हलवता आता डावा मिटा, उजवा उघडा, त्याला पुन्हा उघड्या डोळ्यात बघायला सांगा आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर आकडा वाचा. आपल्याकडे डोळे काळेभोर, बाहुलीची कड दिसतच नाही. म्हणून बुबुळाची कड धरायची: उजव्या डोळ्याची कानाकडची, तर डाव्याची नाकाकडची. नाक सगळ्यांचं मधोमध नसतं. एका बाजूला ३० आणि दुसरीकडे ३२ सर्रास निघतात. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर, असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या लिहायच्याच.

फ्रेमच्या काडीवर आत छापलेलं असतं, उदाहरणार्थ ५२, चौकोन, १८. काचेची रुंदी ५२ आणि नाकावरचा पूल १८, बेरीज ७०. माणसाची पीडी ६२. म्हणजे फ्रेम ८ मिलिमीटरनं रुंद आहे, तेव्हा प्रत्येक काचेचं केंद्र, म्हणजे जिथून प्रकाश न वळता सरळ जातो ती जागा, ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवायचं. न सरकवता काच मधोमध बसवली तर? सेंटीमीटरातलं अंतर गुणिले नंबर, एवढा प्रिझम तयार होतो, म्हणजे काच प्रकाश तेवढा एका बाजूला वळवते. मायनस ६ च्या काचेत ०.४ गुणिले ६, म्हणजे एका डोळ्याला २.४ आणि दोन्ही मिळून ४.८. मायनसमध्ये हा प्रिझम असा पडतो की डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं. आत वळायला डोळे सरावलेले असतात, बाहेर फाकायला अजिबात नाही. मग कपाळ धरणारच. मायनस १ वाल्याला तीच चूक ०.४ ची, त्याला पत्ताही लागत नाही. ऑनलाइन मागवलेला चष्मा एकाला छान लागतो आणि दुसऱ्याला नाही, त्याचं एक मोठं कारण हे. वर-खाली फरक पडला तर डोळे याहून कमी सहन करतात, म्हणून दोन्ही काचांची केंद्रं एका ओळीत आहेत का, ते पाहिल्याशिवाय चष्मा हातात द्यायचा नाही.

याच हिशोबातून फ्रेम कशी निवडायची तेही निघतं. जाड काचेला घाबरून लोक थेट १.६७ इंडेक्स मागतात, दुकानदारही आनंदानं देतात. इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वळवते तो आकडा; जास्त असेल तर काच पातळ होते. जरा थांबा. मायनसच्या काचेच्या कडेची जाडी मधल्या जाडीपेक्षा किती जास्त, ते काढता येतं: केंद्रापासून कडेपर्यंतच्या मिलिमीटरचा वर्ग गुणिले नंबर, भागिले दोन हजार, भागिले इंडेक्स वजा एक. वरच्या फ्रेममध्ये केंद्रापासून कानाकडची कड ३० मिलिमीटर. मायनस ६, साध्या १.५० च्या काचेत ५.४ मिलिमीटर जास्त. तीच १.६७ मध्ये घेतली तर साधारण ४. आणि साधीच काच, पण फ्रेम ४६-१८ ची घेतली तर? केंद्र १ मिलिमीटरच सरकतं, कड २४ वर येते, जाडी साडेतीनच्या आत. म्हणजे लहान फ्रेमनं महागड्या काचेला हरवलं. शिवाय साध्या १.५० च्या काचेचा, म्हणजे सीआर-३९ प्लास्टिकचा, ॲबे आकडा ५८ आहे, १.६७ चा ३२ च्या आसपास, पॉलिकार्बोनेटचा ३०. हा आकडा जितका कमी, तितकी काचेच्या कडेतून बघताना अक्षरांना रंगीत किनार दिसते. लहान मुलांना मात्र मी पॉलिकार्बोनेटच देते, ती काच सहजासहजी फुटत नाही. किनारीची तक्रार मुलं करत नाहीत.

प्रोग्रेसिव्हची उंची घेण्याआधी फ्रेम चेहऱ्यावर पक्की बसवून घ्या. नाकावरचे पॅड, काड्या, झुकाव सगळं आधी, मार्कर मग. नंतर पॅड फाकवलेत तर फ्रेम खाली येते, उंची बदलते आणि वाचायला मान वर करावी लागते. माणसाला सरळ, नेहमीसारखं बसवा, फ्रेममधल्या बिननंबरी डमी काचेवर बाहुलीसमोर ठिपका द्या आणि खालच्या कडेपासून मोजा. काच तयार होऊन आली की तिच्यावर तोंडाची वाफ सोडा, तिरकं धरून काळ्या कापडासमोर बघा. ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक खुणा उमटतील, कानाकडच्या खुणेखाली जवळचा वाढीव नंबर कोरलेला असतो. रंगीत शाई पुसली गेली तरी या खुणांवरून सगळं परत मांडता येतं.

जास्त नंबरवाल्याला कॉन्टॅक्ट लेन्स हवी असेल तर चष्म्याचा आकडा तसाच उचलू नका. डोळ्यापासून १२ मिलिमीटरवर असलेल्या चष्म्यातला मायनस १० डोळ्यावर आला की ८.९३, म्हणजे ९ च्या जवळ. नंबर ४ च्या आत असेल तर हा हिशोब सोडून द्या.

हत्यारांत फार खर्च नको. पीडीची पट्टी, बारीक मार्कर, दोन पेचकस, पॅडची पक्कड, फ्रेम गरम करायचा हीटर. ठाण्याच्या लोकलमधून उतरलेल्या वाकड्या काड्या सरळ करताना हीटरच कामाला येतो. प्लास्टिकची काडी थंड वाकवली तर तुटते. घामानं गंजलेल्या स्क्रूला आधी तेलाचा थेंब, पाच मिनिटं थांबून मग पेचकस.

चष्मा द्यायच्या आधी दोन्ही काचांच्या केंद्रावर लेन्सोमीटरनं ठिपके मारा आणि ठिपक्यांमधलं अंतर पट्टीनं मोजा. साध्या चष्म्यात ते पीडीइतकंच आलं पाहिजे. कार्डावर नंबरासोबत पीडी, फ्रेमचा आकडा आणि काचेचा इंडेक्स लिहा. काही दुकानदार पीडी लिहून देत नाहीत, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल म्हणून. मी देते, कागदावर शिक्का मारून.