जुन्या ठाण्यातील कौलारू घराची फोममधील प्रतिकृती

खारकर आळी किंवा चरईसारख्या जुन्या वस्तीतील कौलारू घराची प्रतिकृती करताना हुबेहूबपणा रंगाने नव्हे, तर प्रमाणाने येतो. म्हणून फोमला सुरी लावण्याआधी माप ठरवावे. घराच्या दाराची उंची टेपने मोजून, समोरून काढलेल्या छायाचित्रात बाकीचे भाग त्या दाराच्या पटीत मोजल्यास पुरेसा अंदाज येतो. १:५० हे प्रमाण सोयीचे असते, कारण त्यात एक मीटरचे दोन सेंटिमीटर होतात.

समजा, घर ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि भिंती ३ मीटर उंच आहेत. मग प्रतिकृती १८ × १२ सेंटिमीटरची आणि भिंती ६ सेंटिमीटरच्या होतील. कागदी आवरणाची ५ मिलिमीटर जाडीची फोम शीट घेतल्यास लांब भिंती १७ सेंटिमीटरच्याच कापाव्यात, कारण दोन्ही टोकांच्या त्रिकोणी माथ्याच्या भिंतींची जाडी त्यात मिळते. छपराचा उतार ३० अंशांचा धरला, तर त्या माथ्याची भिंतीवरील उंची सुमारे ३.५ सेंटिमीटर येते. कापताना नवे पाते वापरावे आणि एकाच दाबात आरपार जाण्याऐवजी तीन-चार हलके फेरे द्यावेत. बोथट पात्याने फोम फाटतो.

जोत्यासाठी मात्र घट्ट, बारीक दाण्याचा एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोम घ्यावा. त्यावर बॉलपेनने दगडांच्या रेषा दाबून, चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा हलकेच फिरवला की घडीव दगडाचा खडबडीतपणा येतो. चिकटवण्यासाठी फेव्हिकॉलच वापरावा. द्रावकयुक्त गोंद आणि स्प्रेचे रंग पॉलिस्टायरीन अक्षरशः विरघळवतात. तापलेल्या तारेने कापायचे असल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण वितळताना निघणारा धूर अपायकारक असतो. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे; गणपतीच्या आराशीसाठी हेच घर पुठ्ठ्यात करावे.

सर्वांत जास्त वेळ छपराला द्यावा. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद किंचित ओला करून सोलावा आणि पन्हळी आडव्या कापल्या जातील अशा १ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कराव्यात. प्रत्येक उतारासाठी वळचणीसह ८.५ सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर लांब पुठ्ठा घेऊन, त्यावर पट्ट्या वळचणीकडून आढ्याकडे, खालची ७ मिलिमीटर उघडी राहील अशा चढवाव्यात; पन्हळींची दिशा उताराचीच हवी. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत पुठ्ठा वाकतो, म्हणून आतल्या बाजूलाही रंगाचा हात द्यावा.

पडवीच्या खांबांना बांबूच्या काड्या, खिडकीच्या गजांना खराट्याच्या काड्या पुरतात. सर्व भागांवर प्रथम काळसर ॲक्रिलिक रंग व फेव्हिकॉल यांचे मिश्रण लावावे. ते वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने कौलांवर विटकरी, तर भिंतींवर मळकट पिवळा रंग फिरवावा. छप्पर मात्र चिकटवू नये. ते उचलता आले, तर आतील माळा आणि ओटी पुढे सवडीने करता येते.