मृगाआधी खुराड्याची तयारी: आधी तूस, मग बाकीचे

कोकणात परसात दहा-बारा कोंबड्या सांभाळणाऱ्या घराने मे महिन्याच्या उत्तरार्धात कोणती कामे उरकावीत, त्याची ही यादी आहे. बहुतेक घरांत आधी छप्पर, मग जाळी, मग लस आणि दिवस उरलेच तर अंथरणीसाठी तूस, असा क्रम असतो. तो उलटा करावा आणि तूस पहिल्या दिवशी आणावे. छप्पर भर पावसातही ताडपत्री टाकून सावरता येते, फाटक्या जाळीला तार गुंडाळता येते, लस जूनमध्येही मिळू शकते. कोरडे तूस मात्र पहिल्या मोठ्या पावसानंतर पैसे देऊनही मिळत नाही, कारण गिरणीमागे त्याचा ढीग उघड्यावरच पडलेला असतो आणि तो झाकण्याचे गिरणीवाल्याला काही कारण नसते. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला. मृग लागायला अजून दोन आठवडे आहेत या हिशेबावर तूस आणायचे ठेवून दिलेल्या घरांत आमचेही एक होते, आणि त्याचा भुर्दंड जुलैपर्यंत पिल्लांनी भरला.

म्हणून तुसाबद्दल सविस्तर सांगते. भाताचे तूस घ्यावे, आणि तेही अखंड. जुन्या हलरच्या गिरणीतून निघणारा माल बारीक चुरलेला आणि कोंडा मिसळलेला असतो. तो पाणी धरून ठेवतो, त्यातला कोंडा कोंबड्या उकरून खातात आणि उरलेला चार दिवसांत बुरसतो. ज्या गिरणीत तूस आणि कोंडा वेगवेगळे पडतात तिथले तूस आणावे. ते न मिळाल्यास सुताराकडचा रंधा मारून निघालेला लाकडाचा भुसा चालतो. करवतीचे अगदी बारीक पीठ नको, ते डोळ्यांत आणि श्वासात जाते. किती आणावे याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, कारण गोणी फुगलेली दिसते आणि तुसाला वजन नसते. चार फूट बाय सहा फूट जमिनीवर तीन इंचांचा थर द्यायला साधारण तीन गोण्या लागतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत हा थर दर महिन्याला पूर्ण बदलावा लागतो आणि मधूनमधून वरून भर घालावी लागते, म्हणजे पंधरा गोण्या. तीन आणून समाधान मानू नये.

आणलेले तूस थेट साठवू नये. दोन दिवस कडक उन्हात अंगणात पसरून, वरखाली करून, संध्याकाळी गोळा करून मगच गोण्यांत भरावे. हाताला कोरडे लागणाऱ्या तुसातही आत दमटपणा असतो, आणि त्यावर वाढलेली बुरशी श्वासावाटे पिल्लांच्या फुफ्फुसांत जाते. अंगण याच दिवसांत मोकळे नसते, हे मान्य आहे. कोकमाची साले, आंबापोळ्या, कुरडया, सांडगे आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचे कपडे यांच्यात तुसाला जागा मागायची म्हणजे घरात वाद होतो. तो वाद घालावा. मुले सुट्टीवर असतात आणि वाळवणावर कोंबड्या येऊ नयेत म्हणून काठी घेऊन त्यांना बसवावेच लागते. त्याच राखणीत तूसही वाळते.

दुसरा वाद साठवणीच्या जागेचा आहे आणि तो अधिक कठीण आहे. पडवीतील कोरडा कोपरा लाकूडफाट्याचा, हे घरात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि आमच्याकडे सासूबाईंच्या मते चुलीच्या लाकडांपुढे कोंबड्यांची अंथरूण-पांघरुणे म्हणजे थट्टेचा विषय आहे. त्यांचे म्हणणे चूक नाही. पाणी तापवायला लाकूड लागतेच. यावर तोडगा असा की, लाकडे येण्याआधी दोन विटांच्या उंचीवर फळ्या टाकून तुसाच्या गोण्या भिंतीपासून वीतभर अंतरावर रचून टाकाव्यात. रचलेली गोणी सहसा कोणी हलवत नाही. खताच्या प्लास्टिकच्या गोण्या स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून वापरल्यास उत्तम. पोत्याच्या सुतळी गोण्या हवेतला ओलावा ओढून घेतात.

एवढा आग्रह का, याचे कारण नीट समजून घ्यावे. पिल्लांची रक्ती हगवण ज्या सूक्ष्म परजीवीमुळे होते, त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात तेव्हा रोग लावण्याइतकी पक्व झालेली नसतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की ती एक-दोन दिवसांत पक्व होतात, आणि कोकणातल्या जूनमध्ये या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. जमीन कोरडी ठेवणे एवढाच आपल्या हातातला उपाय आहे. शिवाय ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो उभ्या माणसाला जाणवत नाही. खुराड्यात वाकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्यावा, आणि आपले डोळे चुरचुरले तर त्यांचे काय होत असेल ते ओळखावे. अंथरण तपासायला मूठभर तूस घट्ट दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर ते सुटून पडले तर ठीक, गोळा राहिला तर काढून टाकायची वेळ झाली. आणि काढून टाकल्यावर घालायला कोरडे तूस घरात असले पाहिजे, म्हणून पुन्हा तेच: पंधरा गोण्या, वाळवलेल्या, पाऊस यायच्या आधी.

तुसाबरोबरच चुलीची राख आणि चाळलेली कोरडी माती पत्र्याच्या डब्यात भरून ठेवावी. उन्हाळ्यात कोंबड्या स्वतः खळगा करून मातीत लोळतात आणि पिसांतल्या उवा झाडतात; पावसात सगळा परस चिखल होतो आणि हे स्नान बंद पडते. पागोळ्यांपासून दूर, पडवीच्या कडेला राखमातीचा एक पसरट खोका ठेवला की काम भागते. हेही कोरडेच साठवायचे आहे, त्यामुळे हेही पावसानंतर जमत नाही.

आता उन्हाचे. पाऊस यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे हे कोंबड्यांसाठी वर्षातले सर्वांत वाईट दिवस असतात. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते, तिला घामाच्या ग्रंथी नसतात, आणि चोच उघडी ठेवून धापा टाकणे हाच तिचा गारवा असतो. हवा दमट झाली की तो उपायही लंगडा पडतो. त्यामुळे पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दोन ठिकाणी ठेवावे आणि दुपारी बदलावे. धान्य सकाळी लवकर व संध्याकाळी द्यावे, भर दुपारी नाही, कारण पचनामुळे अंगातली उष्णता वाढते. धापांमुळे रक्तातले रासायनिक संतुलन बिघडते आणि अंड्याचे कवच पातळ होते. त्यासाठी बाजारातली भुकटी शोधत बसण्याची गरज नाही. तिसऱ्यांच्या कालवणानंतर उरलेल्या शिंपा धुऊन, वाळवून, खलबत्त्यात जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवाव्यात. कोंबडी हवे तेवढेच खाते. गिरिराज किंवा वनराज असे जड अंगाचे पक्षी असतील तर त्यांच्यावर गावठी कोंबड्यांपेक्षा अधिक लक्ष ठेवावे, ते झाडावर चढत नाहीत आणि सावलीही उशिरा शोधतात.

याच दिवसांत एखादी तरी कोंबडी खुडूक होते आणि घरातल्या मुलांना तिच्याखाली अंडी ठेवायची घाई होते. मुलांना स्पष्ट नाही म्हणावे. अंडी उबायला २१ दिवस लागतात. मेच्या अखेरीस बसवलेल्या कोंबडीची पिल्ले बरोबर धो-धो पावसात बाहेर पडतील, आणि पहिले काही आठवडे त्यांना जी ऊब आणि कोरडी जमीन लागते ती देणे आपल्याला जमणार नाही. ज्यांच्याकडे तुसाची सोयच नाही त्यांनी तर हा विचारही करू नये. खुडूक मोडण्यासाठी तिला अंड्यांपासून उचलून, खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवावे, दाणापाणी नेहमीप्रमाणे द्यावे. पाण्यात बुचकळणे हा जुना उपाय क्रूर आहे.

लसीकरण याच पंधरवड्यात उरकावे. राणीखेत अर्थात मानमोडी आली की औषध नाही, लस हाच मार्ग आहे. आठ आठवड्यांवरील पक्ष्यांना आर-टू-बी ही लस टोचतात आणि लहान पिल्लांना लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि लस पाण्यात मिसळल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवणे शहाणपणाचे आहे. लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. दवाखान्यातून बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये आणावी आणि सकाळी ऊन चढायच्या आत टोचून मोकळे व्हावे. मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून आणलेली लस टोचणे म्हणजे पाणी टोचणे. जंताचे औषध लसीच्या आठवडाभर आधी द्यावे, मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच. आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला लस देऊ नये. डास वाढले की कोंबड्यांना देवीचा रोग येतो, त्याच्या लसीचीही त्याच वेळी चौकशी करावी.

छपराबद्दल थोडक्यात, कारण घराची शाकारणी चाललेलीच असते आणि त्याच माणसाकडून खुराड्याची कौले परतून घेता येतात. एवढे मात्र पाहावे की कोकणात पाऊस वरून कमी आणि पश्चिमेकडून जास्त येतो. त्या बाजूला झापांची झड, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा आडोसा, बांधावी, पण छपरालगतची वीतभर जागा हवेसाठी मोकळी ठेवावी. पाऊस अडवायच्या नादात सगळ्या बाजू ताडपत्रीने बंद करणारे लोक आतल्या आत ओल कोंडतात, आणि मग कितीही कोरडे तूस घातले तरी ते आठवड्यात भिजते. जोते फूटभर तरी उंच हवे. भोवती चर खणावा. पाण्याचे भांडे खुराड्याच्या आत ठेवायचेच असेल तर विटेवर ठेवावे, कारण तूस भिजवणारे पाणी निम्म्या वेळा आकाशातून येतच नाही, ते कोंबड्यांनी भांडे लवंडल्याने येते.

दाणा पंधरा दिवसांपुरताच घ्यावा. मका आणि कणी दमट हवेत बुरसतात, आणि त्या बुरशीचे विष वाळवून किंवा भाजून भरवशाने जात नाही. वास आलेला दाणा फेकून द्यावा, कोंबडीला चालतो असे म्हणून तिच्यापुढे टाकू नये. झाकणाचे पिंप वापरावे. फणसाची चारखंडे आणि आंब्याच्या साली परसात सडू देऊ नयेत, माश्या होतात. मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाणे लागते, त्यातले काही ती चरून मिळवते. पावसात ते चरणे कमी होते, तेवढी बेगमी धरावी.

बाकीचे सगळ्यांना माहीत असते. मुंगूस आणि रानमांजर यांच्यासाठी जाळीची भोके बुजवावीत. दाराला दोन कड्या. उंदीर आले की साप येतो. बॅटरीचे सेल. रात्री बसायची दांडी जमिनीपासून दीड-दोन फूट. जादा कोंबडे पाहुण्यांच्या वड्यांसोबत किंवा राखणीला, म्हणजे राखणदार देवाच्या मानाला, मार्गी लावावेत, पावसात खुराड्यात गर्दी नको. मोठ्या पक्ष्याला आत किमान दोन चौरस फूट जागा हवी, नाहीतर तूस दुप्पट वेगाने ओले होते. आणि गिरणीवाल्याला आजच विचारावे, कारण दुसऱ्या वाडीतल्या लोकांनीही हे वाचले तर ढीग संपेल.

अंडी रोज दोनदा गोळा करावीत. मळलेली अंडी धुऊन साठवू नयेत, धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक थर जातो. कोरड्या फडक्याने पुसून, निमुळती बाजू खाली करून ठेवावीत आणि धुतलेली त्याच दिवशी खावीत.