पैंजण घालायचंय? आधी काठ बघा

सराफाने पैंजणांचा ट्रे पुढे केला की नजर नक्षीवर जाते. पण ती नक्षी दिसणार की झाकली जाणार, हे कपड्याचा काठ ठरवतो. म्हणून पैंजण कशावर घालणार, ते घरूनच ठरवून जा.

जाण्याआधी माप घ्या, तेही संध्याकाळी. दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजतात. पैंजण जिथे टेकायला हवं तिथे दोरा गुंडाळा, पट्टीवर मोजा आणि अर्धा ते एक इंच वाढवा. शेवटी जादा कड्या असलेलं पैंजण घेतलं तर पुढे मापाची चिंता नको.

आता काठ. नऊवारीचा काष्टा मारला की घोटा मोकळा राहतो. रुंद पट्टीचं पैंजण किंवा तोडे शोभतात ते इथेच. नाजूक साखळी भरजरी काठापुढे हरवते. सहावारीत उलट. काठ पावलावर टेकतो, पैंजण दिसतं ते जिना चढताना, मांडी घालून बसताना. तिथे हलकं आणि सपाट कड्यांचं घ्या. टोकदार कडीत पैठणीच्या जरीचा धागा अडकला तर नुकसान पैंजणापेक्षा मोठं! घालण्यापूर्वी जुनी जाळीदार ओढणी त्यावरून फिरवा. धागा ओढला गेला तर सराफाकडून कडी घासून घ्या.

घोट्याच्या वर संपणाऱ्या पँटवर किंवा दुमडलेल्या जीन्सवर एकाच पायात बारीक साखळी पुरते. घोट्याला पट्टा असलेली सँडल मात्र नको, दोघांची गर्दी होते. कोल्हापुरी चप्पल उत्तम. घुंगरू सणाला हवेतच; ऑफिसात बैठक चालू असताना सगळ्यांच्या माना वळतात, तेव्हा रोजसाठी बिनघुंगरांचं.

घेताना टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, विचारा आणि बिलावर लिहून घ्या. शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून तिच्यात बहुधा तांबं मिसळतात. ९२५ म्हणजे ९२.५ टक्के चांदी. पैंजणात टंच याहून बराच कमीही असतो. मजुरी किती आणि मोडताना घट किती धरणार, हेही तेव्हाच विचारा. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी, त्यातही पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तिकडे जाणं झालं तर घडण बघून घ्या.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर पैंजण ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा आणि कढत पाणी घाला. पैंजण फॉइलला टेकलेलं हवं. काही मिनिटांनी धुऊन कोरडं पुसा. टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात. ऑक्सिडाइज्ड, मीनाकारी किंवा खड्यांच्या पैंजणाला हा उपाय करू नका. ते मऊ कापडानेच पुसा.

आणि हुक सैल वाटला तर सराफाकडून पकडीने दाबून घ्या. गर्दीत पडलेलं पैंजण सहसा सापडत नाही.