वेदनेचा धडा शिकताना: फिजिओथेरपीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात वेदनेचा धडा आला की बहुतेक विद्यार्थी स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्टची, म्हणजे वेदनेचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या मार्गाची, आकृती पाठ करतात आणि पुढे सरकतात. परीक्षेपुरते तेवढे भागतेही. ओपीडीत मात्र रुग्ण जे विचारतात, त्याचे उत्तर बहुधा मेंदूकडून खाली येणाऱ्या नियंत्रणात असते, आणि नेमका तोच भाग वहीत चार ओळींत उरकलेला असतो.

तरीही सुरुवात वर जाणाऱ्या मार्गानेच करावी, आणि तो पुस्तक मिटून स्वतःच्या हाताने काढावा. ठेचा कुटल्यावर बोटांची आग होते, कारण मिरचीतील कॅप्सायसिन ज्या टीआरपीव्ही-१ या प्रथिनावर काम करते, तेच प्रथिन सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडते. डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेलचा वाटा मिळाला तो याच शोधमालिकेसाठी. तिथून निघालेला संदेश पातळ मायलिन (चेतातंतूवरील आवरण) असलेल्या ए-डेल्टा तंतूंतून सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर वेगाने जातो, तर मायलिन नसलेल्या सी तंतूंतून जेमतेम 2 मीटरपर्यंत. उंबरठ्यावर करंगळी आपटली की आधी झणकन कळ येते आणि ठणका मागून येतो, तो यामुळेच.

दोन्ही तंतू मज्जारज्जूच्या डॉर्सल हॉर्नमध्ये, म्हणजे त्याच्या मागच्या करड्या भागात, संपतात. पुढचा चेतापेशीतंतू एकदोन खंडांच्या आतच दुसऱ्या बाजूला ओलांडतो आणि मेंदूतील थॅलॅमसकडे चढतो. कंपनाची जाणीव मात्र त्याच बाजूने वर जाऊन मेडुलात (मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात) बाजू बदलते. व्हायवात हमखास विचारले जाते ते हेच. मज्जारज्जूचा उजवा अर्धा भाग तुटला, तर उजव्या पायाला ट्यूनिंग फोर्कचे कंपन कळत नाही आणि डाव्या पायाला टाचणी. ही एक केस नीट समजली, तर निम्मा धडा झाला असे समजायला हरकत नाही.

आता नियंत्रणाकडे. मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये गेट कंट्रोल सिद्धान्त मांडला: स्पर्शाचे जाड तंतू डॉर्सल हॉर्नमध्येच वेदनेच्या संदेशाला आवर घालू शकतात. त्याच्या तपशिलात पुढे बरेच बदल झाले. तरी टेन्स मशीन (त्वचेवरून सौम्य विद्युत उद्दीपन देणारे यंत्र) लावताना आपण आजही त्याच कल्पनेचा आधार घेतो. 1969 मध्ये रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या मध्यमेंदूतील पेरिअ‍ॅक्वेडक्टल ग्रे या भागाला विद्युत उद्दीपन दिले, आणि भूल न देता त्याच्या पोटाची शस्त्रक्रिया करता आली. या भागाचा हुकूम मेडुलामार्गे डॉर्सल हॉर्नपर्यंत उतरतो. त्यात सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि शरीरातीलच वेदनाशामक एन्केफॅलिन यांचा सहभाग असतो. हा उतरता मार्ग वेदना नुसती दाबतो असे नाही, कधी वाढवतोही, आणि हे वाक्य वहीत अधोरेखित करण्याजोगे आहे. डुलोक्सेटिनची चिठ्ठी पाहून "ही तर डिप्रेशनची गोळी, मी वेडी आहे का?" असे विचारणाऱ्या रुग्णाला उत्तर देता येते, ते ही गोळी याच मार्गातील सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढवते हे ठाऊक असेल तरच.

दुसरा नेहमीचा प्रश्न याहून अवघड असतो. "एक्स-रेमध्ये काही नाही म्हणतात, मग मी नाटक करते का?" वेदनेच्या संदेशांचा सतत मारा होत राहिला, तर डॉर्सल हॉर्नमधील पेशी अतिसंवेदनशील होतात, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये दाखवले, मग साडीचा काठ घासला तरी कळ येते. अशा वेळी "मावशी, दुखणं खरंच आहे, एक्स-रेत नसा दिसत नाहीत," एवढे आधी सांगावे. मग कापसाचा बोळा प्रथम न दुखणाऱ्या बाजूला आणि नंतर दुखणाऱ्या बाजूला फिरवावा, जिथून स्पर्श बोचू लागतो तिथे पेनाने खूण करावी आणि ती हद्द केसपेपरवरील आकृतीत उतरवून घ्यावी. पुढच्या भेटीत तीच हद्द पुन्हा तपासली, म्हणजे उपचारांचा उपयोग होतो आहे की नाही याची निदान एक पाहता येण्याजोगी खूण हाती राहते.