नकाशा आणि हजेरीपट: ‘बनगरवाडी’ वर्गात घेताना

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीचा सारांश मागितला, की गाइडातला उतारा हातात पडतो. त्यापेक्षा वाडीचा नकाशा काढायला द्या.

चार-पाच जणांचा गट, एक कार्डशीट, पेन्सिल. रंग पहिले दोन तास कपाटात ठेवा. खडू हाती आले की मुलं पुस्तक मिटतात आणि स्वतःचंच गाव काढतात, कळसाच्या देवळासकट. नियम एकच: शाळा, तालीम, घरं, जे काढाल त्याखाली पुस्तकातला पान क्रमांक. पान नाही, तर खोडा. अंतरावरून भांडणं होतील, होऊ द्या; त्यासाठीच पुन्हा वाचलं जातं. सगळ्या गटांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर क्रमांक जुळत नाहीत.

दुसरं काम कादंबरीतल्या शाळामास्तरांचा हजेरीपट. आखीव फुलस्केपवर मुलांची नावं, पुढे प्रकरणवार रकाने आणि गैरहजेरीचं कारण: मेंढरांमागे गेला, आजारी. कादंबरीत नसलेलं कारण चालेल, पण धनगरवस्तीला शोभणारं. ‘टीव्ही बघत होता’ हमखास येतं. शेवटी दुष्काळाने वाडी उठते, तेव्हा तिथे काय लिहायचं ते सांगू नका. बहुतेक गट रकाना कोराच ठेवतात.