काळ्या कारवरची सोनेरी रेघ: रेसिंग कारच्या प्लॅस्टिक मॉडेलवर डेकल्स कशी बसवावीत

रेसिंग कारचे किट उघडल्यावर बहुतेकांचा हात आधी इंजिनाच्या भागांकडे जातो आणि डेकल्सचा, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांचा, कागद खोक्याच्या तळाशी पडून राहतो. माझ्या मते तो कागदच सर्वांत आधी हातात घ्यावा. अशा कारची ओळख तिच्या अंगावरच्या रेघा, आकडे आणि प्रायोजकांची नावे यांवरून होते. त्यामुळे कोणते भाग रंगवण्याआधी जोडायचे, कोणते सुटे ठेवायचे आणि रंगाचा शेवटचा थर कसा असावा, हे डेकल्स पाहूनच ठरवावे लागते. येथे उदाहरणादाखल जपानच्या तामिया कंपनीचे १/२० प्रमाणातील लोटस ७९ या फॉर्म्युला वन कारचे किट घेतले आहे. चकचकीत काळ्या अंगावर बारीक सोनेरी रेघा असलेली ही कार कोणतीही चूक लपवत नाही, आणि म्हणूनच शिकण्यासाठी तिच्याइतकी चांगली दुसरी नाही.

सुरुवात शर्यत निवडण्यापासून करावी. १९७८च्या हंगामात मारिओ अँड्रेटी यांच्या कारवर ५ आणि रॉनी पीटरसन यांच्या कारवर ६ हा क्रमांक होता. लोटस ७९ने आपली पहिली ग्रां प्री बेल्जियममधील झोल्डर येथे अँड्रेटी यांच्या हाती जिंकली. पुढे १० सप्टेंबरला मोंझा येथे अँड्रेटी विश्वविजेते ठरले, पण त्याच शर्यतीच्या सुरुवातीला झालेल्या अपघातात जखमी झालेले पीटरसन दुसऱ्या दिवशी वारले. त्या शर्यतीत ते ७९ नव्हे, तर आधीची ७८ चालवत होते. तेव्हा क्रमांक ६ची लोटस ७९ बनवून तिच्याखाली मोंझाच्या शर्यतीची पट्टी लावणे चुकीचे ठरेल. प्रायोजकांची चिन्हे शर्यतीगणिक बदलत असत, म्हणून एकाच शर्यतीची, शक्यतो दोन्ही बाजूंची छायाचित्रे मिळवून ती कामाच्या टेबलासमोर लावावीत.

कारचा काळा-सोनेरी रंग जॉन प्लेअर स्पेशल या सिगारेटच्या पाकिटावरून आलेला आहे. तंबाखूच्या जाहिरातींवर कायद्याने बंधने आल्यापासून अनेक किटच्या कागदांवर अशी नावे छापली जात नाहीत, आणि ज्यांना कार ऐतिहासिकदृष्ट्या पूर्ण हवी असते ते स्टुडिओ २७ किंवा टाबू डिझाइन यांसारख्या उत्पादकांचे स्वतंत्र कागद घेतात. असा कागद घेताना प्रमाण तर पाहावेच, शिवाय तो कोणत्या कंपनीच्या किटसाठी आखलेला आहे हेही पाहावे, कारण दोन कंपन्यांच्या १/२०च्या कारमध्ये नाकाची वळणे वेगळी असू शकतात आणि रेघ तिथेच अडते. आणखी एक सूचना आवर्जून करतो. कार्बन फायबरच्या विणीची डेकल्स आज सहज मिळतात आणि ती दिसायलाही देखणी असतात, पण ती या कारच्या सांगाड्यावर लावू नयेत. लोटस ७९चा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता. कार्बन फायबरचा सांगाडा फॉर्म्युला वनमध्ये १९८१च्या मॅक्लॅरेन एमपी४/१पासून आला.

कागद कापण्याआधी तो ६०० डीपीआयवर स्कॅन करून त्याची मूळ आकाराची प्रत साध्या कागदावर छापून घ्यावी. तिचे तुकडे कापून, मास्किंग टेपने कारवर लावून, प्रत्येक रेघ कुठून सुरू होते आणि कुठे संपते हे आधीच पाहता येते. एखादे डेकल फाटले तर हीच प्रत नवे छापून घेण्यासाठी उपयोगी पडते. मूळ कागद झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह सपाट ठेवावा. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर हे महिने डेकल्ससाठी वाईट असतात, कारण दमट हवेत मागचा डिंक ओलावा धरतो, कागद गुंडाळतो आणि एकावर एक ठेवलेले कागद परस्परांना चिकटतात. कागद जुना असेल तर उपयोगात न येणारे एक छोटे चिन्ह आधी पाण्यात टाकून पाहावे. ते तुकडे होऊन सुटले, तर उरलेल्या कागदावर डेकल फिल्मच्या, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक पापुद्रा धरणाऱ्या, द्रवाचा एक हात फिरवून तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग प्रत्येक चिन्ह त्याच्या कडेला धरून कापावे. पिवळा पडलेला कागद पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस खिडकीच्या काचेवर उन्हात लावल्यास पिवळेपणा बराच उतरतो.

आता रंग. नवशिक्यांची डेकल्स बिघडतात ती बहुतेक वेळा डेकलमुळे नव्हे, तर त्याखालच्या पृष्ठभागामुळे. मॅट किंवा खरखरीत रंगावर डेकलचा पारदर्शक पापुद्रा टेकला की सूक्ष्म खड्ड्यांत हवा अडकते, तिच्यावरून प्रकाश परावर्तित होतो आणि अक्षरांभोवती रुपेरी झाक दिसते. मॉडेल बनवणारे तिला सिल्व्हरिंग म्हणतात. काळ्या रंगावर ही झाक हातभर अंतरावरूनही दिसते. म्हणून काळा रंग चकचकीत हवा. त्यात धूळ बसली असेल किंवा तो संत्र्याच्या सालीसारखा उठला असेल, तर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावा आणि पुन्हा चकाकी आणावी. पावसाळी हवेत लॅकरवर पांढुरकी झाक चढते, तेव्हा अशा दिवशी फवारणी टाळलेली बरी. रंगवलेला भाग नाकाशी धरल्यावर रंगाचा वास येईनासा झाला की तो डेकलसाठी तयार झाला असे समजावे. जी रेघ एका भागावरून दुसऱ्या भागावर जाते, ते दोन्ही भाग टेपने किंवा ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याने) एकत्र टेकवूनच ती रेघ आखावी. सुट्या भागांवर स्वतंत्रपणे लावलेल्या रेघा जोडताना कधीच एका पातळीत येत नाहीत. १/२०मध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या कारवर पूर्ण एक सेंटिमीटरची चूक.

पाण्याविषयी कोणी फारसे सांगत नाही, म्हणून मी सांगतो. एका काळ्या कारवर मी बोअरवेलच्या पाण्यात भिजवलेली डेकल्स लावली होती. ती छान बसली, पण चार दिवसांनी पापुद्र्याखाली आणि कडेने क्षारांचे पांढरे डाग उमटले, आणि ते आतून आलेले असल्यामुळे काढता आले नाहीत. तेव्हापासून मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरतो. एक लिटरची बाटली अनेक मॉडेलना पुरते.

रेघ लावण्याची कृती आता सविस्तर सांगतो. नाकाच्या कडेने जाणारी लांब सोनेरी रेघ नव्या ब्लेडने, स्टीलच्या पट्टीला धरून कापावी आणि भोवतीचा पारदर्शक पापुद्रा शक्य तितका कमी ठेवावा. बशीतले पाणी कोमट असावे. चिमट्याने धरून रेघ सुमारे दहा सेकंद बुडवावी, बाहेर काढून स्वच्छ कापडावर ठेवावी आणि मिनिटभर थांबावे. पाण्यातच राहू दिल्यास डिंक धुऊन जातो आणि रेघ स्वतःभोवती गुंडाळली जाते. दरम्यान कारवर त्या जागी मायक्रो सेट किंवा मिस्टर मार्क सेटर यांसारख्या द्रवाचा पातळ थर ब्रशने द्यावा. त्यावर डेकल तरंगते आणि काही क्षण हलवता येते. कागदासकट रेघ जागेजवळ न्यावी, ओल्या ब्रशने तिचे एक टोक कारवर टेकवावे आणि मग रेघ न ओढता तिच्याखालून कागद मागे सरकवत न्यावा. रेघ ओढली की ती ताणली जाते, आणि ताणलेली रेघ वाळताना वाकडी होते. कागद सुटल्यावर डोळा नाकाच्या टोकाशी, कारच्या पातळीत आणून रेघेवरून पाहावे. वरून सरळ दिसणारी रेघ या कोनातून हमखास वळलेली दिसते. कोरड्या ब्रशच्या कडेने तिला हळूहळू जागेवर आणावे आणि समाधान झाल्यावरच कापसाचा इअरबड किंचित ओला करून मध्यापासून टोकांकडे फिरवत पाणी काढावे. इअरबड घासू नये, लाटण्यासारखा फिरवावा.

वळणावर पापुद्रा उठत असेल, तर मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर यांसारखा मऊ करणारा द्रव वरून लावावा. हा द्रव लागताच डेकलवर सुरकुत्या पडतात आणि पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो, पण त्या वेळी त्याला अजिबात हात लावू नये, कारण पापुद्रा त्या अवस्थेत ओल्या टिश्यूइतका नाजूक असतो. वाळता वाळता तो आपोआप खेचला जाऊन पृष्ठभागाला चिकटतो. दोनदा-तीनदा लावूनही वळण बसत नसेल, तर टोकदार ब्लेडने बारीक चीर देऊन पुन्हा द्रव लावावा. पॅनेलच्या खाचेवरून जाणारे डेकल पूर्ण वाळल्यावर खाचेच्या रेषेत कापून मग मऊ करावे. कुठे रुपेरी ठिपका राहिलाच, तर सुईने टोचून त्यात द्रवाचा थेंब सोडावा.

गडद रंगावर पांढरी आणि पिवळी चिन्हे कधी कधी मळकट दिसतात. कागदावर तेच चिन्ह दोनदा दिलेले असेल, तर पहिले वाळल्यावर दुसरे त्याच्यावर नेमके बसवावे.

सर्व डेकल्स लावून झाल्यावर दोन दिवस थांबावे आणि मग डिंकाचे व द्रवाचे डाग डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या मऊ कापडाने पुसून घ्यावेत. क्लिअर लॅकरचा, म्हणजे डेकल्सवर द्यायच्या पारदर्शक संरक्षक लेपाचा, पहिला थर धुक्यासारखा, जवळजवळ कोरडा द्यावा. पहिल्याच फवाऱ्यात ओला, जाड थर दिल्यास त्यातले द्रावक डेकल विरघळवते आणि आठवड्याचे काम दोन मिनिटांत सुरकुतते. तीन-चार पातळ थर वाळल्यावरच ओला थर द्यावा. मोटारींसाठी मिळणारे दोन घटकांचे क्लिअर सुंदर चकाकते, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना अपाय करते आणि साधा मास्क त्याला अडवू शकत नाही, म्हणून योग्य रेस्पिरेटर आणि मोकळी हवा नसेल तर ते वापरू नये.

क्लिअर किमान आठवडाभर कडक होऊ द्यावे. त्यानंतर ३००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासताना डेकलच्या कडेची पायरी बोटाला लागेनाशी झाली की थांबावे. नाकाची धार आणि पॅनेलच्या कडा यांवर पेपर फिरवूच नये, कारण तिथे क्लिअर सर्वांत पातळ असते आणि सोनेरी रेघ नेमकी तिथूनच जाते. त्या जागा फक्त पॉलिशिंग कंपाउंडने, बोटाला मऊ कापड गुंडाळून, रेघेच्या लांबीच्या दिशेने चोळाव्यात. कापडावर काळा किंवा सोनेरी रंग उतरू लागला तर त्याच क्षणी हात थांबवावा. विंडस्क्रीन, आरसे आणि मागचा पंख हे नाजूक भाग सगळे पॉलिश उरकल्यावरच बसवावेत.