कामावर असताना बरं वाटेनासं झालं तर: थांबायचं की घरी निघायचं

कामावर कणकण जाणवली की बहुतेकांचा हात आधी गोळीकडे जातो. पॅरासिटामॉल घेतली, तासाभरात घाम फुटून ताप उतरला, जरा हुशारी वाटली की माणूस थांबतो. पण त्या गोळीचा असर चार ते सहा तासच टिकतो. दुपारी एकला घेतलेली गोळी संध्याकाळी सहाच्या सुमारास ओसरते, आणि नेमकं त्या वेळी तुम्ही दादरच्या पुलावर नाहीतर अंधेरीच्या फलाटावर गर्दीत उभे असता. म्हणून क्रम बदला. आधी ताप मोजा, मग थांबायचं की निघायचं ते ठरवा, गोळी त्यानंतर घ्या. आणि हे सगळं शक्यतो दुपारी तीनच्या आत उरका, कारण मुंबईत आजारी माणसाला सगळ्यात जास्त दमवतो तो घरी जायचा प्रवास.

आधी पाच मिनिटं स्वतःकडे बघा

डिजिटल थर्मामीटर दीडदोनशे रुपयांत मिळतो. ड्रॉवरमध्ये किंवा ऑफिसच्या प्रथमोपचार पेटीत एक असायलाच हवा. तो जिभेखाली ठेवून मोजा. चहा किंवा गार पाणी नुकतंच घेतलं असेल तर पंधरा मिनिटं थांबा, उन्हातून किंवा गाडीच्या गर्दीतून आला असाल तर वीस मिनिटं शांत बसा, नाहीतर आकडा फसवतो. काखेत मोजलं तर तो साधारण अर्धा ते एक अंश कमी दिसतो. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याच्या वर असेल, तर तो ताप धरायचा.

ताप नसला तरी आणखी तीन गोष्टी पाहा. खुर्चीतून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? घोटभर पाणी पोटात टिकतं का? लघवी शेवटची कधी झाली? सहा-आठ तास लघवीला गेला नसाल आणि उठताना गरगरत असेल, तर अंगातलं पाणी कमी झालंय. त्या अवस्थेत लोकलच्या दारात उभं राहणं धोक्याचं आहे.

जिथे विचार करत बसायचं नाही

छातीवर दाब आल्यासारखं वाटणं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, सोबत गार घाम. ही हृदयविकाराच्या झटक्याची खूण असू शकते. ते ॲसिडिटी समजून सोडा पिऊन पाहण्याची सवय जीवघेणी ठरते. मधुमेह असलेल्यांना आणि अनेक बायकांना छातीत फारसं दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, एकदम गळून गेल्यासारखं होतं. दुसरा धोका पक्षाघाताचा, त्याची लक्षणं म्हणजे तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात न उचलणं, बोलणं अडखळणं. यात रक्ताची गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून हा माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ लिहून ठेवा.

अशा वेळी घरी जायचा प्रश्नच नाही. १०८ ला फोन करा. इमारतीचं नाव, मजला, कुठल्या फाटकातून आत यायचं आणि जवळची खूण सांगा. एकाला खाली पाठवून लिफ्ट अडवून ठेवायला सांगा. मोठ्या व्यापारी संकुलांत फाटक न सापडल्याने बराच वेळ वाया जातो. आजारी माणसाला एकट्याने स्वच्छतागृहात जाऊ देऊ नका, आतून कडी लावून तो कोसळला तर दार तोडावं लागतं.

मधुमेहाचं औषध घेणारा माणूस थरथरत असेल, घामाने भिजला असेल, असंबद्ध बोलत असेल, पण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढीच द्या आणि मदत बोलवा. फरक पडल्यावर पोळी-भाजी किंवा बिस्किटं खायला द्या, नाहीतर साखर परत खाली येते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

ताप असेल तर निघा

ताप असताना थांबण्याने काम होत नाही, चुका होतात, आणि फ्लू असेल तर एसीच्या बंद खोलीत शेजारच्या चार टेबलांना तो मिळतो. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस संसर्ग पसरवू शकतो.

निर्णय झाला की पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, शक्यतो काही खाऊन. पुढची चार ते सहा तासांनी. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसाकाठी एकूण ३ ग्रॅमच्या आत राहा. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर आधी विचारा. इथे सर्रास होणारी गफलत अशी की ताप म्हणून एक गोळी आणि सर्दी म्हणून दुसरी घेतली जाते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे नकळत दुप्पट डोस जातो. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा.

जून ते ऑक्टोबर या काळात तापावर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन रोज चालू आहे त्यांनी ती मनाने बंदही करू नये, डॉक्टरांना फोन करावा.

पावसाळ्यातल्या तापाला मुंबईत वेगळं वागवावं लागतं. हुडहुडी भरून ताप आला तर मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करा, महापालिकेच्या दवाखान्यात ती मोफत होते. डेंग्यूची एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, त्यानंतर प्रतिपिंडांची करावी लागते. डेंग्यूतली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ताप उतरला म्हणून कामावर येणं. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो आणि धोक्याचे २४ ते ४८ तास तिथूनच सुरू होतात. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण मरगळ, यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

आणि साचलेलं पाणी तुडवून आला असाल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून त्या पाण्यात येतात, आणि पायावरच्या चिरेतून शरीरात शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर पाणी तुडवल्याचं माणूस विसरलेला असतो. पोटऱ्या ठणकणं आणि डोळे लाल होणं या त्याच्या खुणा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहराने याची मोठी साथ पाहिली आहे. पाण्यातून चालून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून डॉक्सिसायक्लिन घ्यायची का ते विचारा. गरोदर बायका आणि लहान मुलांना ते देत नाहीत, त्यांचं औषध वेगळं असतं.

ताप नाही, पण बरंही वाटत नाही

इथे तुमचं काम काय, यावर उत्तर ठरतं.

टेबलावरचं काम आणि नुसती सर्दी किंवा घशात खवखव असेल तर मास्क लावून थांबता येतं. एसीच्या थेट झोताखालून जागा बदलून घ्या, शेजारच्यांना सांगा, जेवताना डबा वेगळा खा. मात्र गाडी, क्रेन, प्रेस मशीन चालवत असाल किंवा परांचीवर चढत असाल तर सर्दीची गोळी घेऊन काम करू नका. क्लोरफेनिरामाइनसारख्या औषधांनी झापड येते, सेटिरिझिननेही अनेकांना येते. पर्यवेक्षकाला स्पष्ट सांगा: "गोळी घेतली आहे, आज मशीनवर नको, खालचं काम द्या."

कॅन्टीन, हॉटेल, पोळी-भाजी केंद्र इथे काम करणाऱ्यांना जुलाब-उलट्या झाल्या तर तिथल्या तिथे काम सोडायचं, आणि शेवटचा जुलाब होऊन ४८ तास गेल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही. एका माणसामुळे सगळी शिफ्ट आजारी पडते. टेबलावर काम करणाऱ्यानेही दोन-तीनदा पोट गेलं तर घर गाठावं. मध्ये ओआरएस घ्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलिलिटरमध्ये. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने टाकणं चूक, प्रमाण चुकलं तर जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

डोळे आले असतील तर लगेच निघा. सामायिक माउस, फोन, दाराच्या मुठी यांतून ते पसरतं. कांजिण्यांची शंका असेल तरही तेच, शिवाय ऑफिसात कोणी गरोदर असेल तर त्यांना त्याच दिवशी कळवा.

पाळीत पोट दुखत असेल तर शेक आणि नेहमीची गोळी घेऊन अर्धा-पाऊण तास पडायला जागा मिळाली तर अनेकींना दिवस काढता येतो. तेवढ्यानेही थांबलं नाही तर निघायला हवं, आणि त्यासाठी कारण रंगवून सांगायची गरज पडू नये.

कधी आणि कसं निघायचं

चारच्या आधी निघालात तर बसायला जागा मिळते. सव्वापाच उलटले असतील, पोट बिघडलंय किंवा गरगरतंय, आणि घर विरार-बदलापूरला असेल, तर ऑफिसातच पडून राहून साडेआठ-नऊला निघणं शहाणपणाचं. ताप १०२ च्या वर असेल तर ऑफिसजवळच्याच डॉक्टरांना आधी दाखवा. घराजवळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत रात्र होते. महापालिकेचे आपला दवाखाना काही ठिकाणी रात्री दहापर्यंत उघडे असतात, मोठ्या रुग्णालयांतल्या ओपीडीचा केसपेपर मात्र सकाळीच काढावा लागतो.

गाडी स्लो पकडा. वेळ जास्त लागतो, पण दर दोन-चार मिनिटांनी उतरता येतं. फास्ट गाडीत दोन थांब्यांच्या मध्ये चक्कर आली तर काही करता येत नाही. दारात उभं राहू नका. बरोबर पाण्याची बाटली, एक प्लास्टिकची पिशवी आणि चार्ज असलेला फोन ठेवा. घरी गाडीची वेळ कळवा. वाटेत त्रास वाढला तर पुढच्या स्टेशनवर उतरून बाकावर बसा आणि स्टेशन मास्तरच्या कार्यालयात सांगा किंवा १३९ ला फोन करा. बाइकने आला असाल तर ती तिथेच राहू द्या.

साहेबांना काय सांगायचं

निरोप छोटा असावा आणि त्यात परवानगीपेक्षा माहिती असावी. उदाहरणार्थ: "सर, १०१ ताप आहे, थंडी वाजतेय. अडीचला निघतोय. बिलांच्या फाइल्स फोल्डरमध्ये ठेवल्यात, चारचा बँकेचा फोन मॅडम घेणार आहेत. डॉक्टर काय म्हणतात ते उद्या नऊपर्यंत कळवतो." आकडा दिला की वाद उरत नाही.

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ज्यांना लागू आहे, त्यांना वर्षाला आठ पगारी नैमित्तिक रजा मिळतात. वर्ष संपलं की त्या बुडतात, म्हणून आजारपणात त्या राखून ठेवण्यात अर्थ नाही. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर पगारपत्रक पाहा. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) ०.७५ टक्के कापले जात असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, आणि सहसा पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरांचं लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी दाखवा. कंत्राटी हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीतल्या अनेकांना आपल्याला हे लागू आहे हेच माहीत नसतं.

घरकाम करणाऱ्या मावशींना यातलं काहीच नाही. तिथे जबाबदारी घरमालकांची. तापाच्या दिवसाचा खाडा कापला, तर त्या ताप अंगावर काढून येणार, आणि तोच ताप घरातल्या बाळाला किंवा आजोबांना होणार.

परत कधी यायचं

गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, की या. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरल्यावर, डोळ्यांत पाणी आणि चिकटा थांबल्यावर. ताप गेला पण खोकला राहिला असेल तर मास्क लावून काम करता येतं. तो दोन आठवड्यांच्या वर रेंगाळला, किंवा सोबत वजन घटतंय, रात्री घाम येतोय असं असेल, तर खोकल्याची बाटली बदलत बसू नका. महापालिकेच्या दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी मोफत होते, आणि क्षय निघाला तर औषधंही मोफत मिळतात.